मंगळ : १

समजा, एका वधू-वर सूचक मंडळाने आपल्या जुन्या वह्या कपाटात टाकून वेबसाइट काढली आहे. मुलीचे वडील रात्री जेवणं आटोपल्यावर चष्मा पुसून एक स्थळ उघडतात. उंची ठीक, शिक्षण ठीक, नाड वेगळी, गोत्र वेगळं, गुण जुळायला हरकत नाही. आणि मग एक ओळ येते : 'मंगळ : १'. वडील काही न बोलता पुढच्या स्थळाकडे वळतात. पत्रिकेत मंगळ १, ४, ७, ८ किंवा १२ या स्थानी असला की पत्रिका मंगळाची, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. आणि इथे तर तो पहिल्याच घरात मांडी ठोकून बसलेला. प्रत्यक्षात त्या मुलाच्या पत्रिकेला मंगळाचा काडीचाही उपद्रव नाही. वेबसाइट बांधणाऱ्याने त्या रकान्याला तीन पर्याय दिले होते : नाही, सौम्य आणि आहे. यंत्राच्या सोयीसाठी त्यांना अनुक्रमे १, २ आणि ३ अशा खुणा लावल्या. पान रचताना 'नाही' हा शब्द छापायच्या ऐवजी त्याने खूणच छापली. शनी-राहूंचा काहीही संबंध नसताना एका सालस मुलाचं जमू शकणारं लग्न पीएचपीच्या एका ओळीने मोडलं.

स्थळ कल्पनेतलं आहे, पण ती ओळ कुठे ना कुठे रोज लिहिली जाते. 'प्रकार : १७', 'लेखक : ४३', 'उपलब्ध : १' असले साक्षात्कार संस्थळांवर होतात ते याच जातीचे. असं काही दिसलं की आपण 'तांत्रिक अडचण' म्हणून सोडून देतो. मला ही अडचण तांत्रिक वाटत नाही. यंत्र बिचारं सांगितलं तेच करत असतं. अडचण पंगतीच्या रीतीची आहे. कोठीघरातली वस्तू पाहुण्याच्या पानात पडायची तर मध्ये वाढपी लागतो. कोठीतून थेट मूठभर तांदूळ आणून पानावर टाकला, तर 'भात वाढला' असं म्हणता येत नाही, मग तो तांदूळ कितीही आंबेमोहोर असो.

मुळापासून बघायचं तर ड्रुपलकडे जावं लागतं. मजकूर सांभाळणाऱ्या ज्या प्रणालींना सगळे सीएमएस म्हणतात, त्यांत वर्डप्रेसची वस्ती मोठी. पण रकान्यांचं कर्मकांड सगळ्यात निष्ठेने पाळलं ते ड्रुपलने. ड्रीस बाउटार्ट या अँटवर्पच्या विद्यार्थ्याने २००१ साली ते जगाला खुलं केलं. त्याला आपल्या साइटला 'डॉर्प' नाव द्यायचं होतं, डच भाषेत त्याचा अर्थ खेडं. ते नाव मोकळं आहे का हे बघताना बोट घसरलं आणि 'ड्रॉप' टाइप झालं. ते बरं वाटलं म्हणून तेच ठेवलं, आणि पुढे थेंबाच्या डच शब्दावरून 'ड्रुपल' झालं. ज्या प्रणालीचं स्वतःचं लेबल टंकनदोषातून जन्माला आलं, तिने लेबलांच्या बाबतीत इतकं सोवळं पाळावं, हे पश्चात्तापानेच शक्य आहे.

तर ड्रुपलमध्ये प्रत्येक रकान्याला दोन नावं असतात. एक यंत्राचं नाव. ते रोमन लिपीत, बारीक अक्षरांत, अंडरस्कोरच्या कड्यांनी जोडलेलं. पुढे 'फील्ड' हे आडनाव आधीच चिकटवलेलं. सगळं मिळून बत्तीस अक्षरांची मुभा, त्यांतली सहा त्या आडनावात जातात, उरलेल्या सव्वीस अक्षरांत जुन्या तारेसारखा मजकूर बसवायचा. हे नाव एकदा ठेवलं की पडद्यावरून बदलता येत नाही. दुसरं नाव म्हणजे लेबल : ते हवं तेव्हा, हव्या त्या भाषेत बदला. आपल्याकडे राशीचं नाव आणि हाक मारायचं नाव असतं तसलाच हा प्रकार. राशीचं नाव पत्रिकेत असतं, भटजींना संकल्पाला लागतं, पण त्या नावाने अंगणातून कोणी जेवायला बोलावत नाही. आता गंमत अशी की पर्यायांची यादी असलेल्या रकान्यात आतल्या मजकुरालाही अशीच दोन नावं असतात : खूण यंत्रासाठी, शब्द माणसासाठी. म्हणजे 'मंगळ : नाही' एवढ्या साध्या ओळीमागे चार नावं उभी आहेत, दोन यंत्राकडची आणि दोन माणसाकडची. 'मंगळ : १' या ओळीत डावीकडचं नाव माणसाचं आणि उजवीकडचं यंत्राचं. गुण न बघता जुळवलेल्या जोडीचं जे होतं ते पुढे झालं.

ही जोडी जुळवतो कोण? ड्रुपल ७ च्या काळात, म्हणजे ५ जानेवारी २०११ नंतर, हा उद्योग घरोघरी चालायचा. रकान्यातला मजकूर छापायचा तर कोड लिहिणारा असा जायचा : लेखाच्या वस्तूत शिरा, तिथे रकान्याचं यंत्रनाव शोधा, त्याच्या आत 'यूएनडी' नावाचं दार उघडा, त्याच्या आत शून्य क्रमांकाची खोली, तिथे 'व्हॅल्यू' नावाचं गाठोडं, ते उचला आणि पानावर आपटा. यातलं 'यूएनडी' म्हणजे भाषेचा संकेत. भाषा ठरलेली नाही, असा त्याचा अर्थ. मराठी माणूस त्याचा उच्चार 'उंड' असाच करणार, आणि अर्थही बरोबर लावणार : इथली भाषा उंडारायला गेली आहे. साइट अस्सल मराठीत असली, संपादक शुद्धलेखनाचे कितीही कडक असले, तरी मजकूर बहुतेक वेळा त्या उंडारलेल्या भाषेच्या दारामागेच सापडायचा. ड्रुपल ७ निवृत्त झालं ते ५ जानेवारी २०२५ रोजी, दिवसाला दिवस धरून बरोबर चौदा वर्षांनी. रामाचा वनवासही एवढाच होता.

असं खोलीत शिरून गाठोडं पळवायची गरज नव्हती, हे महत्त्वाचं. त्याच प्रणालीने वाढपी नेमलेले होते. रकाना कोणता, लेबल दाखवायचं की नाही, तारीख कशी लिहायची, आकड्यामागे रुपयाचं चिन्ह लावायचं का, हे सगळं ठरवून मांडलेलं ताट एका शब्दात मागवता येत होतं. २०१५ च्या नोव्हेंबरात आलेल्या ड्रुपल ८ ने ही विभागणी तर शब्दांतच ठेवली : 'नोड' म्हटलं की कोठीघर, 'कंटेंट' म्हटलं की वाढलेलं ताट. साचा लिहिणाऱ्याने 'कंटेंट' म्हणून रकान्याचं नाव घ्यायचं, काम झालं. तरीही माणूस 'नोड'कडे धावतो. का धावतो त्याची कारणं पुढे बघू, कारण ती अगदीच टाकाऊ नाहीत. आधी कोठीतला माल कच्चा पानात पडला की काय होतं ते बघू.

तारखेचं उदाहरण सगळ्यात चविष्ट. ड्रुपल वेळ साठवतं ती जागतिक प्रमाणवेळेत. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. एखाद्या देवस्थानाने पहाटे पाचच्या काकड आरतीची नोंद केली, तर कोठीत ती आदल्या दिवशीच्या रात्री साडेअकराची म्हणून पडते. वाढप्याकडून आली तर तो साडेपाच तास मिळवून पहाटे पाच असंच सांगतो. कच्ची उचलली तर भाविकाला आदल्या रात्रीचे साडेअकरा दिसतात, म्हणजे देवाला निजवायची वेळ. काकड आरतीची शेजारती करण्याचं सामर्थ्य आजवर कोणत्याही पुजाऱ्यात नव्हतं. त्याच हिशोबाने सकाळी साडेसातची प्रभातफेरी कोठीत रात्री दोनला निघते. आणि तारीख भरलीच नसेल तर? साचा लिहिणाऱ्याने ती रिकामी जागा तपासल्याशिवाय तारखेच्या यंत्रात घातली, की बाहेर येते १ जानेवारी १९७०. संगणकाच्या कालगणनेतलं वर्षप्रतिपदेचं पान ते. भारतीय वेळेनुसार त्या क्षणी सकाळचे साडेपाच वाजले होते आणि वार होता गुरुवार. ज्यांच्या जन्मतारखा कोणी भरल्या नाहीत असे सगळे जण त्या एकाच ब्राह्ममुहूर्तावर, दत्ताच्या वारी जन्माला आलेले दिसतात.

पैशाचंही तसंच. रकान्याच्या मांडणीत आधी '₹' लावा, नंतर 'फक्त' लावा असं सांगून ठेवता येतं, पण ते वाढप्याला सांगितलेलं असतं. कोठीला त्याचा पत्ता नसतो. मग 'देणगी : १५००००.००' असं काहीतरी उघडंबोडकं समोर येतं. ते सुधारायचं म्हणून साचावाला पीएचपीचं आकडे सजवायचं तयार हत्यार वापरतो आणि ते तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम टाकतं. दीड लाखाचे '१५०,०००' होतात आणि वाचणारा अंक मोजायला बोट लावतो. वर्डप्रेसमध्ये एसीएफ म्हणून जे लोकप्रिय प्लगिन आहे, ते तारीख साठवतं ती वर्ष, महिना, दिवस एकमेकांना चिकटवून. २०२६ चा प्रजासत्ताक दिन तिथे २०२६०१२६ असतो. कच्चा छापला तर झेंडावंदन दोन कोटी दोन लाख साठ हजार एकशे सव्वीसला आहे असं वाटतं, आणि वर्गणी मागायला येणाऱ्यांविषयीचा आपला संशय बळावतो.

होय-नाहीच्या रकान्यात यंत्र फक्त १ आणि ० ठेवतं. ग्रंथालयाच्या पानावर 'उपलब्ध : १' असं आलं की वाचक समजतो, एकच प्रत उरली आहे, आणि धावत सुटतो. तिथे पंचवीस प्रती धूळ खात असतात. शून्याची कथा त्याहून वेगळी. पीएचपीला 'हे रिकामं आहे का' असं विचारलं तर शून्यालाही ते रिकामं म्हणतं. म्हणून 'प्रवेशमूल्य : ०' असं कोणी मनापासून भरलेलं असेल, तर 'रिकामं असेल तर दाखवू नकोस' असं सांगितलेला साचा ती ओळच गिळून टाकतो. फुकट आहे ही एकमेव बातमी ज्यामुळे सभागृह भरलं असतं, तीच नेमकी गायब. अनेक पर्याय निवडता येतील अशा रकान्याची गोष्ट वेगळीच : सगळ्या निवडी एका टोपलीत असतात, आणि टोपलीच छापायला सांगितली की पीएचपी मख्खपणे 'ॲरे' एवढा शब्द छापतं. 'छंद : ॲरे'. त्या मुलाविषयी एवढं तरी कळतं की त्याला छंद आहेत, आणि ते ऐकून लोक 'अरे!' म्हणतात.

आता उलटा अपघात : लेबल आहे, पण मागे काही नाही. साचावाल्याने स्वतःच्या हाताने ठळक अक्षरांत 'दूरध्वनी :' असं लिहिलं आणि पुढे कोठीतला आकडा ओढला. ज्यांनी आकडा भरला नाही त्यांच्या पानावर नुसतं 'दूरध्वनी :' उरतं. त्याखाली 'ईमेल :', त्याखाली 'फॅक्स :'. वरात आली, बँड आला, नवरदेवाचा पत्ता नाही. वाढप्याकडून मागवलं असतं तर रिकाम्या रकान्याचं लेबलही त्याने आपोआप मागे ठेवलं असतं. पानात पदार्थ नसेल तर 'ही बासुंदी हं' असं म्हणत कोणी रिकामा डाव घेऊन पंगतीत फिरत नाही.

यावर साचे लिहिणाऱ्यांचा पहिला आक्षेप असतो भांड्यांचा. ते म्हणतात, तुमचा हा वाढपी फार पसारा करतो. ड्रुपल ७ मध्ये एक शब्द मागवला की तो एका चौकटीत, त्या चौकटीत दुसरी, तिच्यात तिसरी, आणि प्रत्येक चौकटीवर हातभर लांब वर्गनावं, अशा थाटात यायचा. लवंग मागितली तर डबीतून डबी, तिच्यातून डबी. शीर्षकाच्या मधोमध एक शब्द हवा असताना या चौकटी मध्ये आल्या की मांडणी कोलमडते. तक्रार खरी आहे आणि ती करणाऱ्यांविषयी मला सहानुभूती आहे. पण डब्या जास्त झाल्या तर डब्या कमी करायच्या; लवंग जमिनीवरून उचलून द्यायची नाही. रकान्याचा साचाच बदलून चौकटी काढता येतात. 'फेन्सेस' नावाचं मॉड्यूल याच कामासाठी आहे. आणि 'ट्विग फील्ड व्हॅल्यू' नावाच्या मॉड्यूलने तर या भांडणात चोख मध्यस्थी केली : रकान्याच्या नावापुढे उभी रेघ मारून 'फील्ड व्हॅल्यू' लिहिलं की वाढप्याने तयार केलेला मजकूर चौकटींशिवाय मिळतो, 'फील्ड लेबल' लिहिलं की नुसतं लेबल. म्हणजे भात शिजलेलाच मिळतो, फक्त मुदीऐवजी हवा तसा पसरून.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. कोडला निर्णय घ्यायचे असतात. मंगळ असेल तर पानाला लाल कडा, नसेल तर हिरवी. त्यासाठी कच्ची खूण लागतेच. अगदी मान्य. निर्णय खुणेवरच घ्यावा, शब्दावर कधीच घेऊ नये. 'नाही' हा शब्द दिसला तर हिरवी कडा असं लिहून ठेवलं, आणि उद्या संपादकाने सौजन्य म्हणून 'नाही'चं 'निर्दोष' केलं, की सगळ्या हिरव्या कडा एका रात्रीत सुकतात. आचाऱ्याने पातेल्यातला पदार्थ चाखायलाच हवा, पण म्हणून त्याने चाखलेला चमचा पानात वाढू नये. तेवढंच म्हणणं आहे. काही जण याच आक्षेपाची शेपटी पकडून म्हणतात की मुळात १, २, ३ असल्या आंधळ्या खुणा ठेवल्याच कशाला. रोमन अक्षरांत 'नाही', 'सौम्य' असे शब्दच खूण म्हणून ठेवले असते, तर कच्चं छापलं तरी कळलं असतं. थोडा फरक पडला असता खरा. पण मग 'सौम्य-अंडरस्कोर-मंगळ' असं काहीतरी रोमन लिपीत मराठी पानावर उगवलं असतं, आणि पुढे त्या खुणेत स्पेलिंगची चूक निघाली तरी ती सुधारता आली नसती : एकदा मजकूर त्या खुणेला बांधला गेला की ड्रुपल ती यादीतून काढू देत नाही. राशीचं नाव कितीही गोड असलं तरी ते राशीचंच नाव.

आणि काही वेळा पान नासण्यावर भागत नाही. ड्रुपलचा जुना नेम असा की लिहिणाऱ्याने जे लिहिलं ते जसंच्या तसं साठवायचं आणि गाळायचं ते दाखवताना. म्हणजे कोठीत खडे, भुसा, एखादा विंचूही असू शकतो. निवडण-पाखडण होते ती वाढायच्या आधी. ड्रुपल ७ च्या मजकुराच्या रकान्यात 'व्हॅल्यू' आणि 'सेफ व्हॅल्यू' ही दोन गाठोडी शेजारी शेजारी ठेवलेली असायची. एकावर 'सुरक्षित' असं चक्क लिहिलेलं, तरी लोक हात घालायचे पहिल्यातच, कारण त्याचं नाव छोटं. मग कोणी नावाच्या रकान्यात नावाऐवजी जावास्क्रिप्टचे चार मंत्र लिहून ठेवले की ते मंत्र प्रत्येक पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये जपले जायचे. ड्रुपल ८ पासून साचे ज्यात लिहितात तो ट्विग हे मंत्र स्वतःहून निष्प्रभ करतो, पण परवानगीची भानगड तिथेही शिल्लक आहे. मुलीच्या घरचा फोन नोंदणी केलेल्यांनाच दिसावा असं संचालकांनी ठरवलं. ते बंधन पाळतो वाढपी. 'कंटेंट'मधून मागितलं तर तो परक्याला फोन दाखवत नाही. 'नोड'मधून ओढला तर विचारणारं कोणी नसतं, फोन गावभर. ज्या आक्षेपकाला चौकटींचा पसारा खटकत होता, त्याने मुलीच्या वडिलांना हे समजावून सांगावं.

वर्डप्रेसवाले इथे हळूच म्हणतात, हे ड्रुपलचे चोचले, आम्हाला काय त्याचं. त्यांनाही सुटका नाही. एसीएफमध्ये पर्यायांचा रकाना करताना तुम्हाला सरळ विचारलं जातं : मागितल्यावर काय देऊ, खूण, लेबल की दोन्ही? प्रश्न इतका स्पष्ट की लग्नात होमापुढे विचारावा. पण उत्तर आधीच 'खूण' असं निवडून ठेवलेलं असतं, आणि आधीच निवडलेलं उत्तर बदलायचं म्हणजे ते वाचावं लागतं. शिवाय तिथे वाढप्याची परंपरा ड्रुपलइतकी नाही; साचावालाच आचारी, तोच वाढपी, बऱ्याचदा तोच यजमान. अशा घरात तर रीत जास्त सांभाळावी लागते.

इतका वेळ लेबलाची बाजू घेतल्यावर एक कबूल करायला हवं : प्रत्येक ठिकाणी लेबल हवंच असा हट्ट धरणारेही तेवढेच वैताग देतात. दारावरच्या पाटीवर कोणी 'आडनाव : कुलकर्णी' असं लिहीत नाही. लग्नपत्रिका बघा. एकही लेबल नाही, तरी कोण वर, कोण वधू, आहेर आणायचा की नाही, सगळं बिनचूक कळतं, 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' ही दोन संक्षेपरूपं आख्ख्या घराण्याचा रकाना-परिचय करून देतात. तेच लग्न ठरायच्या आधीचा बायोडेटा मात्र आपादमस्तक लेबलांनी मढलेला : रंग, उंची, रक्तगट, अपेक्षा. हे बरोबरच आहे. अनोळखी माणसं तुलना करायला बसली की लेबलं लागतात, नातं जमलं की गळून पडतात. ड्रुपल ७ लेबलासाठी तीन आसनं देत असे : वर, ओळीत किंवा लपवून. ड्रुपल ८ ने चौथं दिलं : डोळ्यांना दिसणार नाही पण पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ऐकू जाईल असं. नाटकाच्या विंगेत उभा असलेला प्रॉम्प्टरच तो. प्रेक्षकाला दिसत नाही, पण ज्याला गरज आहे त्याला त्याचा आवाज नेमका पोचतो. लपवलेलं लेबल आणि दृष्टीआडचं लेबल यांतला फरक ज्याला कळला, त्याला 'दृष्टीआड सृष्टी' या म्हणीचा नवाच अर्थ कळला.

मराठी पानावर या सगळ्यात आणखी दोन दुखण्यांची भर पडते. एक त्या दोन टिंबांचं. लेबलापुढचा अपूर्णविराम आणि आपला विसर्ग दिसायला जुळे भाऊ, आणि मराठी कळफलकावर विसर्ग अनेकदा हाताशी असतो. त्यामुळे कित्येक अर्जांवर 'नावः', 'दिनांकः' असे विसर्गांत शब्द आढळतात. संस्कृतच्या नियमाने वाचायचे तर 'नावह', 'दिनांकह' असा दमेकऱ्याचा उच्चार करावा लागेल. यंत्राच्या लेखी 'नाव' आणि 'नावः' हे दोन वेगळे शब्द. त्यात ड्रुपल ७ प्रत्येक दिसणाऱ्या लेबलापुढे स्वतःचा अपूर्णविराम स्वतःहून चिकटवायचं, संपादकाला न विचारता. संपादकाने विसर्ग दिलेला, यंत्राने अपूर्णविराम दिलेला : नावापुढे चार टिंबं, लग्नाच्या अक्षता सांडल्यासारखी. लेबल प्रश्नार्थक असेल तर 'आपण शाकाहारी आहात का?:' असं काहीतरी, जणू विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत आहे. ड्रुपल ८ ने हा अपूर्णविराम मार्कअपमधून काढून थीमच्या सीएसएसकडे सोपवला, म्हणजे तो आता सजावटीत मोडतो.

दुसरं दुखणं सामान्यरूपाचं, आणि त्यावर कोणत्याही वाढप्याकडे औषध नाही. इंग्रजीत गावाच्या नावाआधी एक छोटा शब्द टाकला की काम भागतं, नाव जसंच्या तसं राहतं. मराठीत कोठीतून 'कोल्हापूर' आणलं तर पानावर 'कोल्हापुरात' व्हायला हवं. दीर्घाचा ऱ्हस्व करायला हवा, प्रत्यय अंगात मुरवायला हवा. साचा ते करू शकत नाही, म्हणून तो 'कोल्हापूर मध्ये' असं सुटंसुटं लिहितो, आणि हळूहळू माणसंही तसंच लिहू लागतात. इथे मात्र लेबल-अपूर्णविराम-मजकूर ही रुक्ष मांडणी खरंच उपयोगी पडते : 'गाव : कोल्हापूर'. वाक्य करायला गेलं की व्याकरण मोडतं, रकाना ठेवला तर शाबूत राहतं. मराठी सरकारी अर्जांना आपण उगाच नावं ठेवतो; त्यांना आपली मर्यादा ठाऊक असते.

आता त्या मुलाचं काय झालं ते बघू. समजा, कोणीतरी साचा दुरुस्त केला, 'नोड' खोडून 'कंटेंट' लिहिलं, आणि पानावर ओळ आली : 'मंगळ : नाही'. मुलीच्या वडिलांनी स्थळ पुन्हा उघडलं, चष्मा नीट लावला, आणि विचारात पडले. मंगळ नाही म्हणजे काय? नऊ ग्रहांतला एक ग्रह पत्रिकेत नाहीच? पत्रिका करणारा कोण होता हा? आणि त्यांचंही बरोबर आहे. मंगळ प्रत्येकाच्या पत्रिकेत असतो, विचारायचं होतं ते दोषाबद्दल. खुणेचा शब्द झाला, पण लेबलच चुकीचं होतं. सुदैवाने लेबल बदलायला प्रोग्रामर लागत नाही. मंडळाच्या कार्यालयातल्या कोणीही मांडणीच्या पानावर जाऊन 'मंगळ'चं 'मंगळदोष' करावं, जतन करावं, आणि वडिलांना फोन करावा. यंत्राचं नाव मात्र आता कोणाच्या बापाला बदलता येणार नाही. बाहेर 'मंगळदोष : नाही' असं स्वच्छ दिसत असताना आत, कोठीच्या अंधारात, मंगळ आपला निवांत पहिल्या घरात बसलेला असेल.